गोपाळ गणेश आगरकर

झिरकपुरातील आम्हां मराठी मंडळींत नित्य देवपूजा करणारे आहेत, तसे देव न मानणारेही आहेत. त्यांच्यात वाद रंगला की आम्हांस आगरकरांचे स्मरण होते. त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू येथे झाला. १८८२ साली त्यांनी व टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे धर्म व समाजसुधारणा यांवरून श्रद्धावान टिळक आणि अज्ञेयवादी आगरकर यांच्यात वितुष्ट आले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. पुण्याच्या सनातन्यांनी तर हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली! लेखणी त्यांचीही मवाळ नव्हती. मात्र पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू असता आपले मत त्यांनी तिच्यावर लादले नाही. आमच्या मते हे अग्रलेख लिहिण्याहून कठीण. फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच, १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते निवर्तले. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला, तो लिहिताना त्यांना अश्रू आवरेनात, असे सांगतात.