काटा, सूज आणि मेचनिकॉफ

आमच्या सानगडीकडे (जि. भंडारा) धानाच्या बांधीत पायात काटा रुतला अन् आतच मोडला, की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होऊन सुजते. ही सूज म्हणजे शरीराने सुरू केलेली लढाई आहे, हे जगाला पटवून दिलं एली मेचनिकॉफ यांनी.

त्यांचा जन्म १८४५ साली, आजच्या युक्रेनमधील खारकोवजवळ झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांतच संपवला. (ए.टी.के.टी.ची भानगडच नाही!) पुढे ते ओडेसाला प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने गेली आणि ते पार खचले. तरीही सावरून पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळले.

१८८२ मध्ये नोकरी सोडून ते इटलीतील मेसिनाला गेले. तिथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत बारीक काटे टोचले. सकाळी बघतात तर काय, फिरत्या पेशींनी काट्यांना वेढा घातलेला! अशाच पेशी आपल्या शरीरात जंतूंना गिळतात, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यातल्या मोठ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज. जंतूच काय, मेलेल्या पेशी आणि सुमारे १२० दिवसांनी म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशीसुद्धा त्या साफ करतात.

अनेक जर्मन शास्त्रज्ञांना हे पटेना. त्यांच्या मते जंतू मरतात ते रक्तातल्या द्रवामुळे. वाद कित्येक वर्षं चालला. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं. बरोबर दोन्ही बाजू होत्या!

१८८८ पासून मेचनिकॉफ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत होते. त्यांचे ओडेसाचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिनही तिथे आले. याच हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

१९१६ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसला वारले. पुढच्या संशोधनातून एक चटका लावणारी गोष्ट कळली. क्षयाचा जंतू मॅक्रोफेज गिळतो खरा, पण तो प्रत्येक वेळी पचत नाही. तिथेच वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती घटली की डोकं वर काढतो. कुष्ठरोगाचा जंतूही तसाच. म्हणजे ल्युडमिलाला नेणारा शत्रू पहारेकऱ्याच्याच घरात लपत होता!

तेव्हा दोस्तांनो, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. पहारेकरी कितीही इमानदार असला, तरी कधीकधी त्यालाही मदत लागतेच.