शेंडेनक्षत्रावर नेणारे भागवत

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या मुलांना थोरांच्या चरित्रांची नि सुविचारांची टंचाई कधी भासली नाही. सेवाग्राम आणि पवनार हाकेच्या अंतरावर! उणीव होती ती हसत हसत केलेल्या अचाट साहसांची. ती भा. रा. भागवतांनी भरून काढली.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात ठराव केला, ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’चा वणवा पेटला, आमच्या आष्टीत रक्त सांडले. त्याच चळवळीत भागवतांनी तुरुंगवास सोसला. असा माणूस पुढे मुलांना त्यागाचे धडे देत बसला असता तरी नवल नव्हते. पण १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले आणि फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचे बोट धरून मराठी मुलांना चंद्रावर नि पाताळात हिंडवून आणले.

त्यातले माझे लाडके पुस्तक ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीच्या तुकड्यासकट माणसे उचलून नेतो. सूर्याला फेरी घालून दोन वर्षांनी ती परततात! ‘धूमकेतू’ हा पुस्तकी शब्द सोडून भागवतांनी आजीच्या तोंडचा शब्द घेतला. वर ‘मुक्काम’ लावून त्याला टपालाचा पत्ताच देऊन टाकला.

मग आला फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. काडीपैलवान, सायकलवर स्वार, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. अंगात जादू नाही, पण संकट दिसले की पाय मागे वळत नाहीत.

मी बँकेच्या नोकरीत हिंगणघाटला होतो. माझा धाकटा अंधाराला फार भ्यायचा. समजावून झाले, रागावून झाले. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू दिसू लागला, तेव्हा रोज जेवणानंतर मी त्याला ‘शेंडेनक्षत्र’ वाचून दाखवू लागलो. एका संध्याकाळी वीज गेलेली असताना तो घरात दिसेना. पाहतो तर गच्चीवर एकटाच उभा, आपल्यासाठी तिथे जागा आहे का ते बघत!

भागवत २००१ साली गेले. २०१७ मध्ये फास्टर फेणेवर चित्रपट आला, तेव्हा तो धाकटा स्वतः मला पाहायला घेऊन गेला. घरातली ती जुनी पुस्तके आता नातीच्या कपाटात आहेत. तिलाही अंधाराची भीती वाटते. बघू या.