पंडित विष्णु दिगंबर पलुसकर : गाणे वर्गात आणणारे गुरुजी

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा आपल्या देवळातला सण, मुलांचे गाणे बसवायचे म्हटले की पेटी घेऊन बसणारे एक गुरुजी किंवा बाई आपल्याला आठवतात. गणिताच्या सरांना पालक भेटायला येतात, संगीताच्या बाईंना क्वचितच कोणी भेटते. परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तोही त्यांचाच. तरीही आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे ‘सा रे ग म’ शिकवण्यात घालवणारी ही माणसे ज्यांच्या वाटेने चालली, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांची ओळख आज करून घेऊ या.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी एका उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि विष्णूच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. पुस्तकी शिक्षण थांबले. पोराने आता करायचे काय? उपचार मिरजेला झाले आणि तिथेच गाणे शिकण्याचा मार्ग पुढे आला. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी कित्येक वर्षे कसून मेहनत केली.

त्या काळी गवई राजाच्या पदरी असे. त्याची कला लोकांना हवी असे, पण त्याला घरी पंक्तीला बसवायला लोक कचरत. गुरूकडून शिकायचे तर बारा-बारा वर्षे घरची कामे करावी लागत आणि गुरूची मर्जी असेल तेवढेच पदरात पडे. मिरजेतल्या एका समारंभात विष्णुबुवांना आमंत्रण होते, पण त्यांच्या गुरूंना नव्हते, असे सांगतात. गवई म्हणून गुरूला दाराबाहेर ठेवले, हे त्यांच्या मनाला फार लागले. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, दिल्ली असे फिरत, गात ते पंजाबात पोहोचले.

लाहोरला 5 मे 1901 रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाचा आश्रय नाही. लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर चालणारी ही गाण्याची शाळा. सुरुवातीला कोणी विद्यार्थीच येईना. बुवा ठरलेल्या वेळी तंबोरा लावून बसत आणि स्वतःच गात, असे सांगतात. हळूहळू मुले आली, घरंदाज बायकाही शिकू लागल्या. ठरलेला अभ्यासक्रम, फी, परीक्षा, प्रमाणपत्र! आज यात विशेष वाटत नाही, पण गाण्याच्या बाबतीत ही नवलाची गोष्ट होती. बुवांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, छापखाना घातला आणि मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तके काढली. नजर अधू असलेल्या माणसाने छापखाना चालवावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. त्यांची स्वरलिपी मात्र थोडी किचकट होती. पुढे पंडित भातखंड्यांची सोपी पद्धत जास्त रुळली.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे उपदेशक वर्ग. गुणी, पण गरीब मुलांना ते शाळेत ठेवून घेत. राहणे, जेवण, शिक्षण सगळे फुकट. अट एकच, नऊ वर्षे राहायचे आणि मग गावोगावी जाऊन गाणे शिकवायचे. शिस्त कडक होती. या शाळेतून सगळेच तानसेन निघणार नाहीत, हे बुवांना ठाऊक होते. निदान चांगला कान असलेली माणसे निघतील, असे ते म्हणत.

1908 मध्ये त्यांनी मुंबईत महाविद्यालय सुरू केले. मुंबईहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेला आपला खंडाळ्याचा घाट चुकत नाही. तेव्हा तंबोरे सांभाळत निघालेले बुवा आणि त्यांचे शिष्य लोणावळ्यावरून कितीदा गेले असतील! सँडहर्स्ट रोडवर शाळेची मोठी इमारत उभी राहिली ती कर्जावर. जलसे करायचे आणि हप्ते भरायचे, असा क्रम चालला. वर्गात मुलांची उणीव नव्हती. पैशांचे गणित मात्र जमले नाही. अखेर 1924 च्या सुमारास इमारत लिलावात गेली.

घरातही दुःखाला अंत नव्हता. त्यांना बारा मुले झाली, त्यांपैकी अकरा लहानपणीच गेली. शेवटची वर्षे बुवांनी नाशिकला आश्रमात रामनामात घालवली. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांचे शिष्य सगळीकडे पसरले होते. नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात गांधीजींच्या सोबत्यांना गाणे शिकवत होते. बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत संगीतशाळा काढली होती. पुढे ओंकारनाथ ठाकुरांनी बनारसच्या विद्यापीठातले संगीत शिक्षण उभे केले. बुवा गेले त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. तळेगाव-लोणावळ्याच्या एखाद्या घरात ‘प्रवेशिका’ किंवा ‘मध्यमा’चे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले दिसते, ते बहुधा याच मंडळाच्या परीक्षेचे असते. 1960 च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली उपासना मराठीत आली आणि देवळात पेटी-तबला वाजू लागला, तेव्हा लागणारे वादकही आपल्याला अशाच वर्गांमुळे मिळाले.

बुवा गेले तेव्हा वाचलेला एकुलता एक मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. बापाची इमारत गेलेली, पैसा नाही. त्याला जवळ केले ते बापाने फुकट शिकवून तयार केलेल्या मास्तरांनीच. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. त्यांनी आणि नारायणराव व्यासांनी या मुलाला शिकवले. तोच पुढे डी. व्ही. पलुसकर म्हणून देशभर गाजला. 1955 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तोही गेला. पण त्याच्या ध्वनिमुद्रिका आहेत आणि त्या आजही ऐकल्या जातात.