खंडाळ्याची विद्यार्थिनी, मुंबईची दंतवैद्य

बॅ. महंमद अली जीना यांची धाकटी बहीण, एवढीच फातिमा जीना यांची ओळख आपल्याकडे उरली आहे. राजकारणात येण्यापूर्वी त्या मुंबईत स्वतःचा दवाखाना चालविणाऱ्या दंतवैद्य होत्या आणि त्यांच्या शिक्षणाचा महत्त्वाचा काळ मावळातील खंडाळ्यात गेला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

त्यांचा जन्म जुलै १८९३ मध्ये कराचीत झाला. सात भावंडांत त्या सर्वांत लहान. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले, तेव्हा मुंबईत वकिली करणाऱ्या थोरल्या भावाने त्यांचे पालकत्व स्वीकारले. १९०२ मध्ये त्याने बहिणीला वांद्र्याच्या कॉन्व्हेंट शाळेत घातले. मुस्लिम घरातील मुलीने मिशनऱ्यांच्या शाळेत शिकावे, हे नातलगांना रुचले नाही. पण भाऊ बधला नाही. १९०६ मध्ये त्या खंडाळ्याच्या सेंट पॅट्रिक शाळेत दाखल झाल्या. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे धावू लागल्यापासून हे थंड हवेचे गाव मुंबईकरांच्या आवाक्यात आले होते. तेथील वसतिगृहात राहून त्या मॅट्रिक झाल्या. १९१३ मध्ये बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी सीनियर केंब्रिजही पूर्ण केले.

१९१८ मध्ये भावाचा विवाह रतनबाई पेटिट यांच्याशी झाला. त्यानंतर फातिमा यांनी निवडलेला मार्ग त्या काळी अगदी अनोळखी होता. दात ठणकला तर लवंगेचे तेल लावायचे आणि तो हलू लागला तर बाजारात बसणाऱ्या दात काढणाऱ्याकडे जायचे, एवढाच बहुसंख्य लोकांचा उपचार होता. दंतवैद्यांची नोंदणी सक्तीची करणारा देशव्यापी कायदा तर १९४८ मध्ये आला.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे पदवीधर आणि बोस्टनमध्ये मुलांच्या दंतरुग्णालयात काम केलेले डॉ. रफीउद्दीन अहमद तेव्हा कोलकात्याला परतले होते. १९२० मध्ये त्यांनी देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. त्यासाठी पैसा उभा राहिला तो त्यांच्याच सोडा फाउंटनच्या उत्पन्नातून. फातिमा येथेच शिकल्या. थोरली बहीण मरियम याच शहरात असूनही त्या वसतिगृहात राहिल्या. खंडाळ्यात अंगवळणी पडलेली स्वावलंबनाची सवय येथे उपयोगी आली.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर दवाखाना थाटला. शहरातील नायर दंत महाविद्यालय सुरू होण्यास अद्याप दहा वर्षे होती. परक्या पुरुषापुढे तोंड उघडण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांना महिला दंतवैद्य मिळणे ही त्या वेळी मोठीच सोय होती. स्वतःचे रुग्ण तपासून झाल्यावर त्या धोबी तलावच्या पालिका दवाखान्यात विनामूल्य सेवा देत.

फेब्रुवारी १९२९ मध्ये रतनबाईंचे निधन झाले. मागे होती नऊ वर्षांची दीना आणि एकाकी भाऊ. फातिमा यांनी दवाखाना बंद केला आणि भावाचा संसार सांभाळण्यासाठी त्या मलबार हिलवरील घरी राहायला गेल्या. स्वकष्टाने मिळविलेला व्यवसाय सहा वर्षांतच संपला. पुढे त्या भावाबरोबर लंडनला गेल्या, परतल्यावर मुस्लिम लीगच्या महिला आघाडीत वावरल्या आणि १९४७ मध्ये कराचीला स्थायिक झाल्या. पुढच्याच वर्षी भाऊ गेला. जानेवारी १९६५ मध्ये लष्करशहा अयुब खान यांच्याविरुद्ध त्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. त्या पराभूत झाल्या. ९ जुलै १९६७ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद राहतील. मात्र आज लोणावळा-खंडाळ्यातील आईवडील मुलांचे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करून घेतात, तेव्हा उपचार करणारी बहुधा एखादी तरुणी असते आणि त्यात कोणालाही नवल वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी याच घाटमाथ्यावर शिकलेल्या एका मुलीने ती वाट चोखाळली होती. घरच्या कर्तव्यापुढे तिला ती अर्ध्यावर सोडावी लागली.