संत विन्सेंट दी पॉल: सेवा आणि विसावा

१६१७ साली संत विन्सेंट दी पॉल फ्रान्समधील शातियों गावचे धर्मगुरू होते. एका रविवारी मिस्सेपूर्वी त्यांना कळले, की गावाबाहेरचे एक गरीब कुटुंब आजारी आहे. त्यांनी प्रवचनात आवाहन केले. दुपारी त्या घराकडे अन्न घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागली! पण आज एवढे अन्न वाया जाणार आणि उद्या पुन्हा उपासमार, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांचे मंडळ स्थापले. प्रत्येकीने ठरलेल्या दिवशी सूप, मांस शिजवून रुग्णांना प्रेमाने वाढायचे; दुसऱ्या दिवशी दुसरीने. उरलेले दिवस बहिणींवर सोपवून विसावा घेणे, हीदेखील श्रद्धाच.

आपल्या धर्मग्रामात आजाऱ्याला रोज जेवण पोचवणाऱ्या एखादीला आपण विचारू या: उद्याचा डबा मी नेऊ का?

संत विन्सेंट १६६० साली देवाघरी गेले. त्यांचा सण २७ सप्टेंबरला असतो.