आकड्यांत खरा पॅटर्न शोधणारे कापरेकर

ढगात हत्ती दिसतो, भिंतीच्या ओलीत चेहरा दिसतो. याला पॅरिडोलिया म्हणतात. झुडपात नसलेला वाघ दिसला तर फारसं बिघडत नाही, पण असलेला दिसला नाही तर जीव जातो. म्हणून आपला मेंदू घाईने अंदाज बांधतो, असं मानलं जातं.

आकड्यांतही हेच होतं. आमच्या चांदीपमधला एक मित्र मोबाइलवर मटक्याचे जुने चार्ट झूम करून ‘लाइन’ शोधतो आणि पगारातले पैसे घालवतो. त्याला मी आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाबद्दल सांगत असतो.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाची आवड होती. त्या आकडेमोडीतून मुलाला गणिताची गोडी लागली. पण मुलाने आकड्यांत भविष्य शोधलं नाही. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन, १९२९ साली पदवी. मग १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पुढची मोठी पदवी नव्हती, त्यामुळे अनेक गणिती त्यांचं काम किरकोळ समजायचे. तरी ते आकडे तपासत राहिले.

१९४९ मध्ये त्यांनी मांडलेली गंमत कॅल्क्युलेटरवर करून बघा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतो. कोणत्याही संख्येपासून सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोचता. (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा.)

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगाला हे मास्तर कळले. १९८६ साली ते गेले.

फरक बघा. ६१७४ चा नियम आधी सांगता येतो आणि ९,९९० पैकी एकाही संख्येवर चुकत नाही. पाच अंकांना तो लागू होत नाही, हेही तपासून कळतं. चार्टमधली ‘लाइन’ मात्र निकाल लागल्यावरच दिसते.

म्हणून पुढच्या वेळी पॅटर्न दिसला, की पैसे न लावता अंदाज आधी लिहून ठेवा. वीस वेळा. मग किती बरोबर आले ते मोजा.