सरकारचं ऐकायचं की देवाचं? हिटलरला नडलेला पाद्री
सत्ता देवाकडूनच येते, म्हणून सत्ताधाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असं संत पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात सांगतो. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा जर्मनीतले अनेक ख्रिस्ती याच शिकवणीचा आधार घेऊन गप्प बसले.

27 वर्षांचा डीट्रिश बॉनहोफर मात्र गप्प बसला नाही. सत्ता देवाने दिली असेल, तर ती देवापेक्षा मोठी कशी? सरकारला जाब विचारणं, त्याने चिरडलेल्यांना मदत करणं आणि वेळ पडली तर सरकारचं चाकच अडवणं हे चर्चचं काम आहे, असं त्याने त्याच वर्षी मांडलं.

अहिंसक प्रतिकार शिकायला तो गांधीजींकडे येणार होता. 1934 मध्ये गांधीजींनी बोलावलंही, पण येणं झालं नाही.

1939 मध्ये तो अमेरिकेत सुरक्षित होता. तरी काही आठवड्यांतच जर्मनीला परतला आणि पुढे हिटलरला संपवण्याच्या कटात सामील झाला. हत्या हे पापच, हे त्याला मान्य होतं. ते दोष स्वतःच्या माथी घेऊन त्याने निवाडा देवावर सोडला.

1943 मध्ये अटक झाली. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली गेली. महिन्याभरात नाझी जर्मनीने शरणागती पत्करली.